एका आयरिश विशेषणाची शिकवणी

गेल्या वर्षी गणपती गेले आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आमच्या मुलीने फोनवर विचारलं, "आई, हिचा मराठीचा तास बंद करूया का आता?" विचारलं म्हणायचं एवढंच. आधी ठरवायचं आणि मग विचारायचं, ही सवय तिला माझ्याकडूनच लागली आहे, त्यामुळे तो सूर मी लगेच ओळखला.

मुलगी नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी ती, जावई आणि आमची एकुलती एक नात आयर्लंडला गेली, तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात. नात तेव्हा आठ वर्षांची होती, आता अकराची आहे. ती गेल्यानंतर महिन्याभरातच मी हा तास सुरू केला. दर रविवारी आमच्याकडे साडेचार वाजले की ती तिकडे वही घेऊन फोनसमोर बसणार आणि मी इकडे रत्नागिरीत, जेवणाच्या टेबलाशी, चष्मा लावून. आधी बाराखडी पक्की केली, मग वाचन, मग व्याकरण. एवढ्या काळात मोजून चार रविवार चुकले असतील, त्यातले दोन तर इथली वीज गेली म्हणून.

"बंद का?" मी विचारलं.

"तिला शाळेत आयरिश घ्यावंच लागतं. इंग्रजी आहेच. आयरिश काही केल्या जमत नाहीये, प्रत्येक चाचणीत मागे पडते. त्यात पुन्हा मराठी. आणि दोन्ही भाषा अशा, आई, की घराबाहेर पडल्यावर काही उपयोग नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या विषयावर मी पस्तीस वर्षं पोट भरलं, तिचं नर्सिंगचं शिक्षण केलं, त्या विषयाला पोटची पोर निरुपयोगी म्हणत होती. पण मी जीभ आवरली. वाद जिंकून तास वाचणार नव्हता, आणि मला तास हवा होता. खरंच सांगायचं तर मराठीपेक्षाही मला तो तास हवा होता. साडेचार ते साडेपाच नात माझी असायची. बाकीचा आठवडा मी तिचे फोटो बघायचे.

शेवटी तहाची बोलणी झाली. नाताळच्या सुट्टीआधी नातीला शाळेत एक प्रकल्प करायचा होता. तो होईपर्यंत तास चालू ठेवायचा. मग तिलाच विचारायचं. ती हो म्हणाली तर पुढे चालू, नाही म्हणाली तर मी एक शब्द बोलायचा नाही. एक शब्द न बोलण्याची अट मला किती जड जाणार हे मुलीला ठाऊक होतं, म्हणून तिने ती दोनदा वदवून घेतली.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी मूळची घाटावरची, वाईकडची. इथल्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायला आले आणि इथलाच माणूस बघून राहिले. आमचे मिस्टर परदेशी जाणाऱ्या जहाजांवर होते. आठ महिने समुद्रात, चार महिने घरी. आता निवृत्त झाल्यापासून बारा महिने घरी. रत्नागिरीने मला पुष्कळ काही शिकवलं, अगदी बांगडा कसा पारखायचा इथपर्यंत. माझी भाषा मात्र तिला बदलता आली नाही. इथे माणसं 'माझं घर' म्हणत नाहीत, 'माझा घर' म्हणतात. 'ते झाड' नाही, 'ता झाड'. 'काय झालं' नाही, 'काय झाला'. नपुंसकलिंगाचा अनुस्वार इथल्या समुद्रात कधीतरी बुडाला आणि कोणाला त्याचं सुतक नाही. मी तो पस्तीस वर्षं लाल पेनाने वर काढत राहिले. शाळेतली मुलं मला मागून 'अनुस्वारबाई' म्हणायची, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं, तेही मिस्टरांकडून. त्यांना म्हणे पहिल्यापासून माहीत होतं.

तर प्रकल्प. आयरिश भाषेतलं एक विशेषण निवडायचं, ते कुठून आलं ते शोधायचं, त्याची सगळी रूपं तक्त्यावर मांडायची, आणि घरात वेगळी भाषा बोलत असतील तर तिच्यातलं त्याच अर्थाचं विशेषण शेजारी मांडायचं. मग सगळ्या पालकांसमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं. नातीने हे रडवेल्या तोंडाने सांगितलं आणि मी खुर्चीत सरसावून बसले. विशेषण! लिंग, वचन, विभक्ती! देवाने थेट माझ्याच पानात वाढलं होतं.

"कुठलं घेतेस?"

"बान," ती म्हणाली. "म्हणजे पांढरा. छोटा आहे म्हणून."

"छोटा आहे म्हणून शब्द घेतात का कधी?"

तेवढ्यात मिस्टर चहाचा कप घेऊन माझ्या खांद्यावरून डोकावले आणि त्यांनी विचारलं, "काय गो बाय, तुमच्या तिथे आजीला काय बोलतात?"

"शॅनवाहिर," ती म्हणाली आणि हसली. "शॅन म्हणजे जुना. वाहिर म्हणजे आई. म्हणजे ही माझी जुनी आई."

मिस्टरांनी कप टेबलावर ठेवला, कारण हसताना तो हातात राहण्यासारखा नव्हता. "जुनी आई! बरोबर बोलली पोर. नवी कुठे हायस तू?"

"माणसाला जुनं म्हणत नाहीत," मी म्हटलं. "वस्तू जुनी असते. माणूस म्हातारा असतो."

"मग म्हातारी आई?" नात म्हणाली, अगदी शिकण्याच्या इच्छेने. मिस्टर पडवीत गेले आणि तिथून बराच वेळ त्यांचा खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

त्यांनी हसावं याचा मला राग आला होता, पण शब्द मनातून जाईना. नातीनेही बान सोडून शॅन धरला. मंगळवारी तिने शिक्षकांनी दिलेल्या एका कागदाचा फोटो पाठवला. जुन्या आयरिशमध्ये हा शब्द 'सेन' होता. त्याच्याही आधी, ती भाषा आयर्लंडला पोहोचण्यापूर्वी, 'सेनोस'. मी कागद दोनदा वाचला. मग कपाटावरचा संस्कृत कोश काढला, त्यावरची धूळ पदराने पुसली आणि 'स' उघडला. आठवत होतं तसंच होतं. 'सन' म्हणजे जुना, पुरातन. वेदात आहे. पुढे लोकांच्या बोलण्यातून तो गेला, पण 'सनातन' या शब्दात पाय मुडपून बसून राहिला. तिकडे तोच शब्द एका बेटावरच्या शाळेत पोरं रोज घोकतायत.

मी कोश तसाच उघडा घेऊन मागच्या दारी गेले. मिस्टर पायरीवर बसून मासे साफ करत होते.

"अहो, हा शॅन म्हणजे आपला सनातनमधला सन आहे."

"असा काय?" त्यांनी वर न बघता म्हटलं.

"आणि लॅटिनमध्येही हाच. त्यातूनच इंग्रजीत सीनिअर आला."

आता त्यांनी सुरी खाली ठेवली. "म्हणजे माझ्या सीनिअर सिटिझन कार्डातला सीनिअर?"

"तोच."

"म्हणजे बसचा अर्धा तिकीट मला या पोरीच्या शब्दाने मिळतो." ते फार खूश झाले. मग जरा विचार करून म्हणाले, "आणि इसवी सनातला सन?"

"तो अरबी. त्याला यात आणू नका."

"अरब पण आमच्याच बंदरात यायचे गो," ते म्हणाले आणि पुन्हा मासे साफ करायला लागले.

त्या दिवसापासून आमचं घर त्या एका विशेषणाने भरून गेलं. मला इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती. नात पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवायची, मी ते मोठे करून करून वाचायचे, उच्चार तिला विचारायचे. आणि मग रविवारी ती शिकवायची, मी शिकायचे. सासष्टाव्या वर्षी मला गृहपाठ मिळायला लागला.

तिकडे विशेषण नामाच्या मागून चालतं. 'मोठं घर' म्हणत नाहीत, 'घर मोठं' म्हणतात. मोठा या अर्थी त्यांचा शब्द आहे 'मोर'. पुरुष म्हणजे 'फॅर', म्हणून मोठा माणूस 'फॅर मोर'. बाई म्हणजे 'बॅन', पण ती स्त्रीलिंगी, म्हणून तिच्या मागे येताना मोर मऊ होतो आणि त्याचा 'वोर' होतो. बॅन वोर. अनेकवचनी 'मोरा'. मऊ होणं हा त्या भाषेचा लाडका छंद आहे. अक्षराच्या मागे एक 'एच' चिकटवायचा की 'म'चा 'व' झाला, 'ब'चा 'व' झाला, 'फ' तर पार नाहीसाच झाला. मला हे पटकन कळलं, कारण आयुष्यभर संधी शिकवले आहेत. बोलताना मात्र मी विसरायचे.

"बॅन मोर," मी म्हणायचे.

"मऊ कर, आजी," नात म्हणायची. "मऊ कर!" मला दुरुस्त करताना तिचा चेहरा असा फुलायचा की मी एखादी चूक मुद्दाम करायचे.

आईला तिकडे म्हणतात 'माहिर'. हे ऐकल्यावर मी टेबलावर हात आपटला. आपलं माहेर म्हणजे मातृगृह, आईचं घर. त्यातल्या 'मातृ'मधला त झिजून झिजून गेला. त्यांच्या माहिरमध्येही मूळचा त झिजून त्याचा ह झालेला. कुठला कोण, पण त झिजवायचं दोघांनाही सुचलं. आणि बापाला म्हणतात 'आहिर'.

"म्हणजे आई ती माहेर आणि बाप तो आहेर," मिस्टर म्हणाले. आजोबा म्हणजे 'शॅनाहिर' हे कळल्यावर तर त्यांनी जाहीरच केलं की आपण या घरातला जुना आहेर आहोत, परत करता येणार नाही असा.

पण खरी गंमत शॅनची होती. बाकी सगळी विशेषणं नामाच्या मागून चालत असताना हे मात्र पुढे जाऊन बसतं, आपल्या मराठीसारखं. अशी तिकडे दोन-चारच आहेत. शिवाय पुढे बसल्यावर ते स्वतः बदलत नाही. आपला 'जुना' बिचारा नामापुढे वाकतो. होडी आली की जुनी होतो, रस्ते आले की जुने. शॅन ताठ उभं राहतं आणि मागच्या नामालाच मऊ करतं. माहिरची वाहिर करतं, बॅनची व्हॅन करतं. म्हातारी बाई म्हणजे शॅनव्हॅन.

मी हे मिस्टरांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "स्वतः बदलायचा नाय, समोरच्याला वाकवायचा," ते म्हणाले. "ता विशेषण तुझ्यासारखा हाय."

मी त्यांना त्या दिवशी दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

द, त आणि स यांनी सुरू होणारे शब्द मात्र शॅनला दाद देत नाहीत. घर म्हणजे 'त्याख', जुनं घर 'शॅनत्याख'. घर काही मऊ होत नाही. आणि शॅन एकटं असेल, म्हणजे कोणी कोणापेक्षा जास्त म्हातारं आहे असं सांगायचं असेल, तर ते बदलतं आणि 'शिने' होतं. यावर मिस्टरांनी शोध लावला की शॅन झाल्यावर शीण येणारच. शीण हा क्षीणवरून आलाय, त्याचा इथे काडीचा संबंध नाही, असं मी त्यांना सांगितलं, पण सांगताना मलाच हसू आलं. षष्ठीत पुल्लिंगी 'शिन', स्त्रीलिंगी 'शिने', अनेकवचनी 'शॅना'. ही रूपं फारशी कोणी वापरत नाही असं नात म्हणाली. मी ती तरीही पाठ केली. वापरत नाहीत म्हणून सोडून द्यायचं असतं तर मी संस्कृत कशाला शिकले असते?

आमच्या बाजूचा तक्ता मी सांगितला आणि तिने लिहिला. जुना हा संस्कृतातल्या जीर्णवरून आला, प्राकृतात जुण्ण झाला, मग जुना. जुना रस्ता, जुनी होडी, जुनं घर. जुने रस्ते, जुन्या होड्या, जुनी घरं. सगळं रांगेत लिहून झाल्यावर मी तिला म्हणायला लावलं.

"जुना रस्ता, जुनी होडी, जुना घर."

"जुनं."

"जुना घर."

"अनुस्वार दे. जुनं. ओठ मिटायचे नाहीत, नाकातही बोलायचं नाही, नुसतं लांबवायचं. जुनं."

पाच वेळा म्हणून घेतलं. सहाव्यांदा तिने "जुनं घर" म्हटलं आणि वही मिटली. "कळलं," ती म्हणाली. मला वाटलं, कळलं.

प्रकल्पाच्या दिवशी इथे दिवेलागण झाली होती, तिकडे दुपार होती. मुलीने शाळेच्या हॉलमध्ये फोन उंच धरला आणि आम्ही दोघं इकडे एका फोनवर डोकी लावून बसलो. मी इस्त्रीची साडी नेसले होते. मिस्टर म्हणाले, तुला कोण बघणार हाय, पण स्वतः दाढी करून आले होते.

नात उभी राहिली. लाल स्वेटर, दोन वेण्या, मागे फळ्याएवढा तक्ता. ती आयरिशमध्ये बोलत होती, मध्येच अडली की इंग्रजीत. मला सगळं कळलं नाही, पण मी रूपं मोजत होते. शॅनवाहिर झालं, शॅनव्हॅन झालं, शॅनत्याखपाशी ती थांबली आणि तीन अक्षरं हट्टी आहेत असं काहीतरी सांगितलं, त्यावर लोक हसले. शिने आलं. सेन आलं, सन आलं, सनातन आलं, आणि सीनिअर आल्यावर मागच्या रांगेतला एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ टाळ्या वाजवायला लागला. माझा ऊर भरून आला होता. तिची भीती कुठे गेली कोण जाणे.

मग ती आमच्या बाजूला वळली. मी शिकवलेल्या वळणदार अक्षरात, हातभर मोठं लिहिलं होतं: जुना रस्ता, जुनी होडी, जुना घर.

मी "अगं" म्हणून ओरडणार तेवढ्यात मिस्टरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तिने आपल्या खिशातून छोटा फोन काढला, माइकजवळ धरला, आणि त्या परक्या हॉलमध्ये आमच्या मिस्टरांचा आवाज घुमला. "ह्या आमचा जुना घर. हितून समुद्र दिसतो. पोरी, तू येशील तेव्हा तुला दाखवीन." मागे आमचा पंखा कुरकुरत होता, तोसुद्धा ऐकू आला. मग नात म्हणाली, आजीच्या पुस्तकात 'जुनं घर' असतं, आजोबांच्या गावात 'जुना घर', आणि खाली कोपऱ्यात तिने ते दोन्ही मांडलं होतं. शिक्षिका उठून काहीतरी बोलल्या आणि हॉलभर हशा पिकला. मुलीने नंतर सांगितलं, त्या म्हणाल्या की आमची भाषाही तीन तऱ्हांनी बोलतात, तिन्ही परीक्षेत चालतात, आणि तिन्हीकडच्या आज्या बाकीच्या दोघींना चुकीचं ठरवतात.

फोन ठेवल्यावर मी मिस्टरांकडे वळले. "तुम्ही शिकवलंत तिला."

"मी काय शिकवला नाय. तिने विचारला, मी बोललो."

"कधी विचारलं? माझ्यासमोर तर नाही."

ते जरा घुटमळले. "बुधवारी करते ना फोन. तू वाचनालयात जातेस तेव्हा."

"दर बुधवारी?"

"हां."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षे."

दोन वर्षं. रविवारी तिला तिची आई हाक मारून मारून फोनपाशी आणून बसवायची, ते मला दिसत होतं. बुधवारी ती आपली आपण फोन लावत होती. "काय बोलता एवढं?" मी विचारलं.

"काय नाय गो. ती बोलते, मी ऐकतो."

मला त्यांचा हेवा वाटला. असा हेवा की त्या दिवशी मी त्यांच्याशी कामापुरतंही नीट बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपण होऊन नारळ खवून दिला तेव्हा जरा निवळले, पण आतून मी हादरले होते.

रविवारी साडेचारला फोन लागला. मी पुस्तक उघडलं नव्हतं. नात वही न घेता बसली होती आणि ती खालच्या ओठाचं साल काढत होती, म्हणजे तिच्या आईने तिला प्रश्न आधीच विचारून ठेवला होता.

"फार सुंदर बोललीस," मी म्हटलं. जुन्या घराबद्दल काही बोलले नाही. "मग? काय ठरवलंस? तास ठेवायचा की बंद?"

"तास नको, आजी," ती म्हणाली.

एक शब्द बोलायचा नाही हे कबूल केलेलं होतं. मी मान हलवली.

"फोन करूया," ती म्हणाली. "आजोबांसारखा. मी बोलणार. तू मध्ये नाही थांबवायचं."

"मराठीतच?"

"मग काय!" तिला माझा प्रश्नच कळला नाही. "मला मराठी आवडतो. मला फक्त तू थांबवते ते नाय आवडत. मी काय सांगते ते मी विसरून जाते मग."

"कधी विसरलीस?"

"खूप वेळा." तिने आठवून बघितलं. "पहिल्या वर्षी मी एकटी डबा खायची. कोट लावतात तिथे बसून. माझ्याशी कोण बोलायचा नाय."

"हे मला कधी सांगितलं नाहीस, बाळा."

"सांगितलं. मी बोलली, मी एकटी डबा खाल्ली. तू म्हणालीस, डबा खाल्ली नाही, मी एकटीने डबा खाल्ला. मग आपण ते केलं... कर्मणी."

मला आठवलं. लख्ख आठवलं. दहा वाक्यं लिहून घेतली होती मी त्या दिवशी. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं. दहाच्या दहा बरोबर आली होती आणि मी तिला शाबासकी दिली होती. आठ वर्षांची पोर खुंट्यांखाली बसून एकटी जेवत होती, तिने ते मला येऊन सांगितलं होतं, आणि मी तिला कर्त्याचा तृतीया प्रत्यय शिकवला होता.

माझा चष्मा धूसर झाला. तो काढून मी पदराने पुसला आणि पुन्हा लावला. नात घाबरून म्हणाली, "आजी, आता नाय खात एकटी. ते तेव्हा."

"आता कोणाबरोबर खातेस?"

आणि मग ती जी सुरू झाली ती थांबेचना. आता ते चौघे जण एकत्र बसतात. एक मुलगा रोज फक्त चीज घालून पाव आणतो आणि दुसऱ्यांच्या डब्यात बघत राहतो. आमच्या मुलीने दिलेली आंबोळी त्याला इतकी आवडली की तो आता आमच्या नातीला 'आंबोळी' याच नावाने हाक मारतो. एक मुलगी पोहायला शिकतेय आणि हिलाही चल म्हणतेय, पण समुद्राचं पाणी बर्फासारखं असतं. लिंगं इकडची तिकडे जात होती, वचनं तुटत होती, 'नाय' आणि 'हाय'चा तर पाऊस पडत होता. माझं तोंड दोन वेळा उघडलं. दोन्ही वेळा मिस्टरांनी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं. साडेपाच कधी वाजून गेले ते कोणी बघितलं नाही.

चौथीबद्दल ती सगळ्यात शेवटी बोलली. चौथी मुलगी तिच्या शेजारी बसते, तिला दोन मोठे भाऊ आहेत, ती फार कमी बोलते, आणि ती रोज आपल्या सफरचंदाचा अर्धा तुकडा न मागता आमच्या नातीच्या डब्यात ठेवते.

"ती माझा सगळ्यात जवळचा मैत्रीण आहे," नात म्हणाली, आणि मी काही म्हणते का म्हणून क्षणभर थांबली.

"हो का," मी म्हटलं. "अजून सांग."